ढगासाठी राखलेला खडा

फर्दापूरचा मजीद अजिंठ्याच्या लेण्यांत आरसा धरायचा. तेव्हा आत वीज नव्हती आणि दिव्याच्या धुराने चित्रं काळवंडतात, म्हणून हा दाराबाहेर उभा राहून आरशाने ऊन आत टाकायचा. आतल्या पांढऱ्या चादरीवर ते पडलं की भिंत उजळायची. लोक आत वाहवा करायचे, मजीद बाहेर. आरसा ठेवून आत जावं, तर आत अंधार. अकरा वर्षं दुसऱ्यांना चित्रं दाखवली आणि स्वतः एकही धड पाहिलं नाही, आता बोला.

रोज संध्याकाळी बायको कमरुन्निसा विचारायची, "अजी, आज काय होतं भिंतीवर?"

"मी भाईर असतो," तो म्हणायचा. मग दोघं अंदाज बांधत बसायची. लोक जिथे जास्त वेळ थांबतात तिथे राजा असणार, असं मजीदचं ठाम मत होतं.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं झाली असतील. चित्रांच्या नकला काढायला बद्रीनाथ नावाचे चित्रकार चार जणांना घेऊन आले. परवानगी चौदा दिवसांची, भिंती नऊ, आरसा एक. बद्रीनाथांनी लेण्यांच्या क्रमाने सुबक वेळापत्रक आखून आणलं होतं. पहिल्याच दुपारी ते नेमके अशा लेण्यात बसले, जिथलं ऊन सकाळीच निघून जातं. मजीदला हे ठाऊक होतं, पण कुणी विचारलं नव्हतं म्हणून गप्प बसला. तो जरा खवचट होताच.

"मजीदभाई, ऊन कुठंय?"

"पल्याडच्या टोकाला गेलं, साहेब. ते काय तुमचा कागद वाचत नाय."

बद्रीनाथ रागावले नाहीत. कागदाची घडी करून म्हणाले, "मग तुम्हीच आखा."

मजीदला अक्षर येत नव्हतं. त्याने पायरीवर खडे मांडले, सकाळच्या लेण्याला पांढरा, दुपारच्याला काळा. सकाळी एका टोकाला रंग भरायचा आणि तो वाळेपर्यंत आरसा दुसऱ्या टोकाला न्यायचा, कारण रंग वाळायला आरसा लागत नाही. शिडी दिवसातून एकदाच हलवायची. एका कोपऱ्याला त्याने पाच दुपारी देऊन टाकल्या. जो तो तिथेच रेंगाळायचा, म्हणजे राजाच. सगळं बसवून एक दिवस उरला. त्याच्यासाठी एक वेगळा खडा त्याने बाजूला ठेवला.

"हा कशाला?"

"ढगाचा. आभाळ आलं तर कामाला येईल." खडा बोटांत फिरवत तो म्हणाला, "नाय आलं तर माझा. मला आत जायचंय."

"मग आरसा मी धरीन," बद्रीनाथ म्हणाले.

तेव्हापासून मजीद उठल्याबरोबर आभाळ बघायला लागला. दहाव्या दिवशी ते भरून आलं. सकाळ वाया गेली आणि त्याला चहासुद्धा गोड लागेना. दुपारी ऊन पडलं, पण राखलेल्या दिवसाची सकाळ त्या भरपाईत गेली. उरली फक्त शेवटची दुपार.

त्या दुपारी बद्रीनाथ दारात आरसा घेऊन उभे राहिले. आत उजेड थरथरायला लागला.

"कोपर पोटाला टेकवा, साहेब," मजीद आतून म्हणाला. उजेड स्थिर झाला.

पाच दुपारींच्या कोपऱ्यात राजा-बिजा कुणी नव्हता. तिथे एक हात होता, तळव्याएवढा. बोटांत कमळाचा देठ. मजीदला आधी फसल्यासारखं वाटलं. मग तो बोटांकडे बघत राहिला. देठ निसटत नव्हता आणि चिरडतही नव्हता. धरणं म्हणजे काय, हे अकरा वर्षं आरसा धरणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं. त्याचे डोळे भरून आले. पाच दुपारी कमीच दिल्या असं त्याला वाटलं.

संध्याकाळी कमरुन्निसा मेथी निवडत होती. "अजी, आज काय होतं?"

त्याने मेथीची एक काडी तिच्या हातात दिली आणि तिची बोटं एकेक करून वळवली. "हे."

"एवढंच? याला पाच दुपारी?"

"व्हय."

ती आपल्याच हाताकडे बघत राहिली. "मी कुठं बघितलंय, मला काय कळणार?"

मजीदने खिशातून ढगाचा खडा काढून तिच्या तळव्यावर ठेवला.

"पुढल्या बारीला साहेब आले आन् आभाळ नाय आलं, तर ही दुपार तुझी. मी भाईर उभा राहतो."