वरच्या पठारावरची कंदीलपुष्पं

रशीदचाचांनी जपलेली झाडं मी मारली.

आज सकाळी चाचाही गेले.

कसबा पेठेत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान. रविवार मात्र कंदीलपुष्पांचा. कंदिलासारखं फूल, जमिनीखाली सुपारीएवढा कंद, फक्त आपल्या सह्याद्रीत उरलेलं. पावसाळ्यात उगवतं, उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही.

चाचांनी ती तीन उंचीवर सांभाळली होती. इथली टेकडी, घाटातला कडा आणि त्याहून वर एक पठार. खाली ऊन सोसलं नाही तर वरची जगतील, असा साधा विचार.

खूण कुठेच केली नाही. कंद चोरणारे फिरतात. "खूण दिसली की कुदळ येते," म्हणायचे.

आमच्या खराडीच्या ऑफिसने टेकडीवर प्लँटेशन ड्राइव्ह काढला. ऑर्गनायझर मी. मे महिन्यात उतारावर नुसतं वाळलेलं गवत. ओसाड जागा समजून आम्ही खड्डे खणले.

मला शाबासकीचा मेल आला.

श्रावणात रोपं बघायला गेले, तर एक म्हातारे गृहस्थ खड्ड्यांकडेची माती चाचपत होते. काय हरवलं, विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

शेवटी म्हणाले, "फोटो तरी चांगले आले ना?"

आणि पुढच्या रविवारपासून मलाच बरोबर न्यायला लागले. का, ते मला अजून कळलेलं नाही.

कड्यावरची गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना गेली. उरलं पठार. ते दाखवायचं राहत गेलं. कधी त्यांचे गुडघे, कधी माझं ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज.

मंगळवारी हॉस्पिटलमध्ये त्यांनी माझा हात धरला. "पठारावरची जागा लिहून घे, बेटा."

मी म्हटलं, "चाचा, दमू नका. बरे व्हा, आपण दोघंच जाऊ."

त्यांनी मान हलवली. माझं मन राखायला.

फोन माझ्या हातात होता हो. दोन मिनिटं लागली असती.

चाचींना माहीत नाही. मुलालाही नाही. त्यांच्या वहीत दर पावसाळ्याला एकच ओळ, 'वरची ठीक आहेत.' जागेचं नाव नाही.

कुणी त्यांच्याबरोबर तिथे गेलं असेल तर मला फोन करा. प्लीज. कॉमेंटमध्ये जागा लिहू नका, चाचांना चालणार नाही.

श्रद्धांजली लिहायला बसले होते, पण आधी माफी मागायची आहे.

चाचा, या आता. यंदाची ओळ वहीत कोरीच राहणार आहे.