ताईसाहेब पानावरून उठत नाहीत

नेवार्कला विमान उतरताना खिडकीतून न्यूयॉर्क दिसलं आणि मनात आलं, यातल्याच कुठल्या तरी इमारतीत मृणालचं ऑफिस आहे. झालं, अमेरिका तिथेच कडू झाली.

मृणाल आमच्या गावच्या राजघराण्यातली आणि माझ्याच वर्गातली. संस्थान विलीन होऊन जमाना झाला, तरी गाव तिला ताईसाहेबच म्हणतं. वक्तृत्वात दरवर्षी पहिली ती, दुसरी मी. पुढे ती परराष्ट्र खात्यात गेली, समुद्रात बुडत चाललेल्या बेटांवर राहिली आणि आता हवामानबदलाच्या परिषदांत देशाच्या वतीनं वाटाघाटी करते. मी गावात शिकवण्या घेते आणि ती टीव्हीवर दिसली की चॅनल बदलते.

मी उतरले होते एडिसनला, भावाकडे. ओक ट्री रोडवर परदेशात आल्यासारखं वाटेचना. साड्या, मिठाई, पानाचं दुकान. फक्त पार्किंगवरून लोक इंग्रजीत भांडत होते. वहिनी गाडीतच म्हणाली, "कुंदाताई, रविवारी पॉटलक (ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा) ठेवलंय. तुमच्या ताईसाहेबांनाही इन्व्हाइट केलंय."

म्हणजे तिच्यासाठी मी अमेरिकेत पुरणपोळ्या लाटायच्या.

रविवारी ती साध्या सुती साडीत, चक्क ट्रेननं आली. ही साधेपणाची ऐट मला जास्त झोंबली. त्यात भाची कानाशी कुजबुजली, "आत्या, शी इज सो कूल."

जेवताना वहिनीनं विचारलं, "ताईसाहेब, तुम्ही तिथं नेमकं काय करता हो?"

"बसते," मृणाल म्हणाली. "परिषद लांबली की लोकांना विमानं गाठायची असतात, एकेक जण उठतो. जो उठला, त्याचा मुद्दा पडला. मी उठत नाही. आमच्या आजोबांची, आबासाहेबांची शिस्त होती, पंगतीतला शेवटचा माणूस जेवतोय तोवर आपण पानावरून हलायचं नाही."

सगळे भारावले. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच शिजलं. संध्याकाळी तिची न्यूयॉर्कला बैठक होती, त्यासाठी ट्रेन गाठायची होती. आयुष्यात एकदा तरी तिला माझ्याआधी उठवायचंच.

मी आणखी एक पुरणपोळी घेतली. मग बासुंदी. मग कुणाचा तरी पास्ता आणि त्यावर ताक. बाकीची पानं उचलली गेली.

"अगं, घरी जेवायला घालत नाहीत का तुला?" भाऊ म्हणाला.

"ताईसाहेब, तुमची ट्रेन मिस होईल," वहिनी कासावीस झाली.

"होऊ दे. कुंदाचं सावकाश चाललंय."

मृणाल हसऱ्या चेहऱ्यानं, वाळलेल्या हातानं बसून राहिली. ट्रेन गेली. मी चौथ्या पोळीचा तुकडा मोडला, तो मात्र तोंडापर्यंत जाईना. "पुरे," मी म्हटलं.

हात धुताना ती हळूच म्हणाली, "शाळेत तू डबा अस्साच लांबवायचीस, मला खेळायला जाता येऊ नये म्हणून. शिस्त आबासाहेबांची, पण सराव तू करून घेतलास."

भावानं तिला गाडीनं न्यूयॉर्कला सोडलं. बैठकही म्हणे तिच्या मनासारखी झाली. मी मात्र दोन दिवस जिऱ्याच्या पाण्यावर काढले.

घरी आल्यापासून मी चॅनल बदलत नाही. मृणाल दिसली की शेजारणींना हाक मारते आणि सांगते, "बघा, कशी बसलीय. माझ्या हाताखाली तयार झालीय ती."

जळते अजूनही, पण आता हक्कानं.