घावनाची जाड कड

बराकपूरच्या आमच्या घरात आईचं घावन एका बाजूला जाड व्हायला लागलं. "हात बिघडला तुझा," असं बाबा रोज ऐकवायचे आणि तीच जाड कड आवडीने खायचे. माझं डोकं फिरायचं. आई मात्र सांडशीने तव्याची एक कड उचलून धरायला शिकली. घावन पुन्हा सारखं होऊ लागलं.

मग स्वयंपाकघराच्या भिंतीला पायऱ्यापायऱ्यांची तिरकी भेग पडली. ती बुजवावी, तर पुन्हा उघडायची. शेवटी इंजिनीअरला बोलावलं. त्याने ओट्यावर लेव्हलची पट्टी ठेवली, ओटा कललेला दाखवला आणि सांगितलं, की घराखाली बुजवलेलं तळं आहे, हा कोपरा खचतोय.

भिंतीलगत थोडं थोडं खणून पायाखाली काँक्रीट भरलं. फरशी आणि ओटा सपाट करून घेतला.

त्यानंतरचं पहिलंच घावन पुन्हा एका बाजूला जाड, फक्त उलट्या बाजूला! बाबा नेहमीचं ऐकवणार, तोच त्यांचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. सपाट ओट्यावरही ती तव्याची कड उचलूनच उभी होती.

बाबा उठले. तिच्या हातातली सांडशी त्यांनी हळूच काढून घेतली.

"सोड आता," ते म्हणाले. "हात दुखला असेल."