इंद्राक्काच्या अंगणातली तीन थडगी

इंद्राक्का कुणाच्या घरी बसायची नाही. वडगावात आम्ही एकाच घरमालकाचे भाडेकरू होतो, मध्ये एक भिंत. मी शाळेत शिकवायची, म्हणून तिच्या तोंडी मी ‘बाई’. विरजण मागायला आली की तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. चहा दिला तर उभ्यानेच, बशीत ओतून, भुरके मारत संपवायची. ‘‘आक्का, टेका की घटकाभर,’’ म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. ‘‘बसलं की मुळं फुटत्यात, बाई. भाड्याच्या जागंत मुळं फुटून काय उपेग?’’

मी बैठक मारून गप्पा हाणणारी. समोरचं माणूस असं उभं राहिलं की माझाही जीव टांगणीला लागतो. पण तिचा इलाज नव्हता. मागच्या खोलीत तिचे दोन पॉवरलूम रात्रंदिवस खडखडत, आणि जेवता जेवता त्या आवाजात जराही फरक पडला की ही हातातला घास टाकून पळायची. नवरा तरणाताठा गेला, तेव्हापासून मुलगा संतोष आणि ते दोन माग घेऊन ती बिऱ्हाडं बदलत आली होती. कुठे मालकाच्या मुलाचं लग्न निघे, कुठे शेजाऱ्यांना आवाज सोसेना. ‘‘आक्का, दुसरी जागा बघा’’ हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की एखाद्या घराच्या भिंतीत तिने कधी खिळा म्हणून ठोकला नाही. देवांच्या तसबिरीसुद्धा जमिनीवर भिंतीला टेकून उभ्या असत. देवही बिचारे निघायच्या तयारीत.

संतोष कारखान्यात लागला आणि तिने दागिने मोडून खानापूर रस्त्याच्या आत जमिनीचा एक तुकडा घेतला. एका एजंटाने दाखवलेला, कोपऱ्यात घाणेरीचं रान माजलेलं. आता कुणीही मनुष्य आधी पाया खणेल. इंद्राक्काने आधी मागाचा खड्डा खणायला घेतला. तिच्या सासऱ्यांचा जुना हातमाग होता, विणकराने पाय खाली सोडून बसायचा, खड्ड्यातला. प्रत्येक बिऱ्हाडात तो सुटा करून माळ्यावर पडलेला असायचा, कारण भाड्याच्या जमिनीत खड्डा कोण खणू देणार? विणकराचं घर मागाभोवती उभं राहतं, मागासाठी घरात जागा शोधत नाहीत, असं तिचं म्हणणं. तीन दिवस ती त्या तुकड्यात सकाळ-दुपार फिरून उजेड कुठून कसा येतो ते बघत होती. शेवटी घाणेरी तोडायला लावून तिने बरोबर त्याच कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथेच पहारेला चुन्यात बसवलेला दगड लागला.

रान साफ केलं तेव्हा तीन थडगी दिसली. दोन मोठी, शेजारी शेजारी, आणि पायथ्याशी एक छोटं, लेकराचं. पहार लागली होती ती त्या छोट्याला. शेजारच्या शेतकऱ्याने कानडीत सांगितलं, ज्यांचं हे पूर्वी शेत होतं ते लोक आपल्या माणसांना आपल्याच रानात माती देत. नंतर ते सासुरवाडीच्या जमिनीवर सदलग्याला गेले. मग रान या हातातून त्या हातात विकलं गेलं. एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, शेतातली दगडं आहेत, काढून टाका. संतोषचंही तेच मत. जेसीबी लावला तर अर्ध्या तासाचं काम, उद्याच बोलावतो, म्हणाला.

‘‘थांब रं,’’ एवढंच इंद्राक्का बोलली.

त्यानंतर तिचं जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. माग चालू सोडून गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. ताटावरून उठायची. मागात धागा तुटलेला तिला कळेना, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभी राहिली, अर्थातच एक पाय बाहेर, आणि म्हणाली, सदलग्याला जायचं, तुम्ही चला, मला त्या लोकांशी नीट बोलता यायचं नाही. मी म्हटलं, तुमचं कानडी माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण गेले. चिकोडीला बस बदलून आम्ही पोचलो.

घर सापडलं. म्हातारे गृहस्थ होते, अगत्याचे. खुर्च्या मांडल्या, मी बसले, ही उभीच. मोठी दोन थडगी त्यांच्या आजोबा-आजीची. ‘‘काढून टाका की हो आक्का,’’ ते म्हणाले. ‘‘आमचं कोण येतंय आता तिकडं? आमची काय हरकत न्हाय.’’ मला सुटल्यासारखं झालं. एवढ्यासाठी तर आलो होतो. पण इंद्राक्का हलेना. तिने विचारलं, आणि ते ल्हान कुणाचं? म्हातारबाबा म्हणाले, वडिलांची बहीण असावी, लहानपणी तापाने गेलेली. नाव काय होतं? ते बराच वेळ आढ्याकडे बघत बसले. आतून बायकोला विचारलं, थोरल्या भावाला फोन लावला. नाव कुणालाच आठवेना. ते स्वतःच ओशाळले, आणि आम्हाला पोचवायला बसस्टँडपर्यंत आले.

येताना बसमध्ये मी म्हटलं, झालं ना आता मनासारखं? परवानगी मिळाली. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. बसमध्ये तरी तिला बसावं लागे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले तर ती ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, सांधत होती. एक ताणा विणून संपला की जुने दोरे मागावरून पुरते काढत नाहीत. टोकं तशीच ठेवतात, आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडतात. चिमटीत राख घ्यायची, पिळायचं, पुढचा दोरा. मान मोडून जाते. संतोष समोर उभा राहून तावातावाने बोलत होता. थडग्यांच्या मालकांनीच सांगितलंय काढा म्हणून, तुझं काय अडलंय? थडग्यांच्या शेजारी राहायला आपल्या घरी पाहुणा तरी येईल का?

तिने मान वर केली नाही. ‘‘समदं उपटून नवं लावायचं तर दोरा घालायचा कुठनं रं? जुन्याचं टोक हाय म्हून नवं पुढं सरकतंय. ती आधी आल्यात, आपून मागनं. आपून सांधून घ्यायचं.’’

‘‘आन् भ्या वाटलं तर?’’ संतोष म्हणाला.

‘‘वाटतंयच की,’’ ती म्हणाली. ‘‘लई वाटतंय. पर काढली तर जास्त वाटंल.’’

घर बांधलं ते त्या कोपऱ्याला वळसा घालून, काटकोनात. गवंडी वैतागला. माझ्या मते ते घर दिसायला वेडंविद्रंच झालं, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं. वास्तुशांतीला दीर-जावा आल्या नाहीत. थडग्यांच्या अंगणात आम्ही जेवत नाही, असा निरोप आला. ताटं घेऊन आम्ही शाळेतल्या चौघी-पाचजणी आणि शेजारचा तो शेतकरी, एवढेच. सासऱ्यांच्या मागासाठी दुसरीकडे खड्डा झाला, पण तिथे उजेड कमी. ती कुरकुरली नाही. संतोष मात्र वर्षभर आईशी धड बोलला नाही. येता-जाता त्या कोपऱ्याकडे पाठ करून जायचा.

मला वाटलं होतं, आता तरी बाई स्थिर होईल. छे! स्वतःच्या घरातही मी गेले की ती उभीच. ‘‘सवय जाईना बगा,’’ म्हणून स्वतःशीच हसायची. भिंतीत खिळे मात्र ठोकले होते, देव वर चढले होते. आणि अमावस्येच्या सकाळी मी एकदा अचानक गेले तर ती त्या छोट्या थडग्यापाशी मांडी घालून बसलेली. गवत उपटत होती. पहारेने उडालेला टवका तिने चुन्याने भरून घेतला होता. मी आल्याचं तिला कळलं, तरी उठली नाही. मी शेजारी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघी अशा निवांत बसलो होतो! ती म्हणाली, ‘‘हिला नाव न्हाय, तवा मी बाळाक्का म्हन्ते.’’

मागच्या पावसाळ्यानंतर इंद्राक्का गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. संतोषला पुण्याची नोकरी चालून आली होती. त्याने घर विकायला काढलं. निपाणीचं एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा जुनी ओळख म्हणून त्याने मलाही बोलावलं होतं. घर बघून झालं, माग बघून झाला. गिऱ्हाईक अंगणात आलं आणि थबकलं. त्याने विचारलं, ‘‘ही कुणाची?’’

संतोष एक पाय ओसरीत, एक खाली, असा उभा होता. मला वाटलं, आता हाही एजंटासारखं ‘शेतातली दगडं’ म्हणेल, नाहीतर जेसीबीचं काढेल. त्याने त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

‘‘आमचीच हाईत,’’ तो म्हणाला.

मग त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं की घर द्यायचं नाही, उगाच हेलपाटा झाला, माफ करा. गाडी गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बाई, तोंडातनं तसंच आलं बगा.’’ आणि उतरून त्या छोट्या थडग्यापाशी गेला. गवत बरंच वाढलं होतं. तो खाली बसला आणि उपटायला लागला.