पिकल्या केळ्यांच्या वासाची बॅटरी

केळी जास्त पिकली, की त्या वासाने मला पडघ्याचं गोदाम आठवतं. नववीत शाळा सोडून, गावापासून लांब मी तिथे जुन्या मोबाईलच्या बॅटऱ्या निवडायला लागले होते आणि काही चुकलं तर परत पाठवतील, ही धास्ती सतत असायची. एकदा ढिगातून तसाच गोड वास आला. कुणाचं केळं खाली चेंगरलंय असं समजून मी एक फुगलेली बॅटरी उचलली आणि हुंगली. शेजारी बसणाऱ्या वयस्कर बाईंना आम्ही सगळ्या खाला म्हणायचो. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “बेटी, दाबू नको. वाळूत ठेव, आहिस्ता.” वाळूच्या ड्रममध्ये ठेवताच बॅटरीतून धूर निघाला. नळावर नेऊन खालांनीच माझे हात धुतले. “आता काढतील ना मला?” मी विचारलं. “का? गळक्या बॅटरीचा हा वास तुलाच आला. आमची नाकं तर इथे बसून कामातून गेली.” मग धीर आला आणि मी विचारलं, यात असतं तरी काय. “लिथियम. बाहेरच्या देशात खाऱ्या पाण्यातून काढतात, आपल्याकडे भंगारातून.” “मिठागरासारखं?” “मी कुठे बघितलंय? तू बघ आणि मला सांग.” हात शाबूत राहिले ते त्यांच्यामुळे, म्हणून हल्ली सुट्टीच्या दिवशी मी मोबाईलवर लिथियमच्या खाऱ्या पाण्याची ती दूरची तळी बघत बसते, भेटल्यावर खालांना नीट सांगता यावं म्हणून.