मेलेल्या रोवणीवरची अळंबी

माझा धंदाच पेस्ट कंट्रोलचा. लोकांच्या घरातली वाळवी, झुरळं मारायची… असल्या माणसाचा भुताखेतांवर कसला विश्वास बसतोय! इथले अनुभव वाचून मी चहा पिता पिता हसायचो. आज स्वतःचाच लिहितोय — तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

आमचं घर मालवण तालुक्यात, कट्टा गावाच्या अलीकडे. मागच्या दारापासून वीस पावलांवर, फणसाच्या बुंध्याशी रोवण होती — म्हणजे वाळवीचं वारूळ. आमच्याकडे सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात, त्यामुळे रोवण कोणी मोडत नाही. शिवाय दर श्रावणात तिच्यावर अळंबी उगवायची. आईला ती जीव की प्राण!

गेल्या मे महिन्यात आईला पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले, "खातील ते द्या" म्हणून घरी पाठवलं. त्यातच वाळवी तिच्या खाटेच्या पायापर्यंत पोचली. माझं डोकंच फिरलं. आईने बजावलं होतं, "रोवणीक हात लाव नको हां." तरी बायको तिला तपासणीला घेऊन गेली तेव्हा मी पंपाने रोवणीत औषध सोडलं. आठवड्याने खणून पाहिलं — सगळी वाळवी मेलेली, राणीसुद्धा. माती परत लोटली आणि गप्प बसलो.

श्रावणापर्यंत आईचं अन्न सुटलं. पेजेचा घोट जाईना. एकच धोशा — "झिला, अळमी इली काय रे? ती मिळाली तर दोन घास खायन."

येणार कुठून? ही अळंबी वाळवीच पाळते. वारुळाच्या आत पाला-लाकूड चावून तिच्यासाठी वाफा करते. वाळवी मेली की अळंबी संपली, हे मला पाठ होतं.

आणि एका सकाळी… रोवणीवर सात अळंब्या! पांढऱ्या, टपोऱ्या. आईला देणार कशी? त्या मातीत मीच विष ओतलेलं! सगळ्या उपटल्या, माडाखाली पुरल्या आणि आत गेलो.

"सात इली मां?" आई म्हणाली.

तिच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे, आणि महिनाभर ती खाटेवरून उठली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकरा; त्याही तिथेच पुरल्या. तिने बरोबर अकराच सांगितल्या. तिसऱ्या दिवशी मला राहवेना… रडत रडत सगळं कबूल केलं.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तरी इली मां ती? दी माका. मी आता खंय जगतलंय?"

मला नाही जमलं हो. बाजारातून दुसरी अळंबी आणून शिजवली, तर तिने वास घेऊन तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी ती गेली — उपाशी. त्यानंतर रोवणीवर एकही अळंबी आली नाही. मी पुन्हा खणलं. आत नुसती सुकी माती. वेंगुर्ल्याच्या ओळखीच्या एका अळंबीतज्ज्ञांना विचारलं, तर म्हणाले, "जिवंत वाळवीशिवाय? शक्यच नाही."

बाराव्यानंतर बायको सहज बोलून गेली, "अहो, तुम्ही माडाखाली काय पुरलास ता? कोंबड्यो रोज उकरून खायत होत्यो."

मी धावत खुराड्याकडे गेलो. आठच्या आठ कोंबड्या धडधाकट!

अळंबी कशी आली, विष तिला का लागलं नाही… मला काहीच सांगता येत नाही. आई पाच दिवस दोन घास मागत होती आणि मी ते दिले नाहीत, एवढंच मला ठाऊक आहे.