आक्कांची मूठ

आक्का मिरचीचं पोतं कधी उघडून बघायच्या नाहीत. पोत्याला कान लावायच्या आणि वरून हाताने दाबायच्या. आत करकर वाजली तर माल घ्यायच्या, नाही तर व्यापाऱ्याला तोंडावर सांगायच्या, "पावणं, वल्ली हाय. उनात घाला, मग या." व्यापारी चिडायचे. आक्का तोवर दुसऱ्या पोत्याकडे वळलेल्या असायच्या.

नव्वदच्या दशकात राजारामपुरीत एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा मसाला कांडायचा डंक होता. नवऱ्यामागे एका डंकावर सुरू केलेलं काम चार डंकांवर गेलं, पुड्यांवर त्यांचं नाव आलं आणि आम्हा अकरा बायकांच्या चुली त्यावर पेटू लागल्या. मी पुड्या भरायचे. कांदा-लसूण मसाल्याला आमच्याकडे चटणीच म्हणतात. त्या चटणीचं माप म्हणजे आक्कांची उजवी मूठ. धणे, तीळ, मीठ, सगळं त्याच घालणार. एकदा मी शहाणपणा करून वाटी पुढे केली. "वाटी कुनाच्याबी हातात तेवढीच भरती," त्या म्हणाल्या, "मूठ माझी हाय."

पण मिरचीची धूळ छातीत बसली. डॉक्टरांनी शेड सोडा म्हणून बजावलं. मुलगी पुण्यात शिक्षिका, तिला यात यायचं नव्हतं. एक कंपनी धंदा विकत मागत होती. वर्षभर आक्का नाही म्हणत राहिल्या आणि वर्षभर खोकत राहिल्या. एका दुपारी पायरीवर बसून मला म्हणाल्या, "दमलो ग आता. द्यायचं तर चालू हाय तवरच द्यावं. बंद पडल्यावर कोन इचारतंय?" आम्हा बायकांचं काम जाता कामा नये, ही त्यांची एकच अट होती.

कंपनीने ती मानली, पण तिची अट वेगळी होती. त्यांना कृती ग्रॅममध्ये हवी होती. मग दोन साहेब विजेचा काटा घेऊन आले. "मला तोलाय आलाय व्हय?" आक्का म्हणाल्या, पण बसल्या. तीन दिवस त्या काट्यावर मुठी सोडत होत्या आणि मी आकडे लिहीत होते. मिठाची मूठ अडुसष्ट ग्रॅम. दहा वेळा घेतली, एक-दोन ग्रॅमचाच काय तो फरक. साहेब थक्क झाले. मला अभिमानाने भरून आलं. आक्का मात्र तळहाताकडे बघत होत्या. "कागदावर उतरलं सगळं," त्या म्हणाल्या. "आता माझं काय काम?"

कंपनीची पहिली पुडी मी त्यांच्या घरी नेली आणि झुणका केला. चव बिघडलेली निघावी, अशी मला फार आशा होती. आक्कांनी घास खाल्ला. "माझीच हाय," म्हणाल्या आणि ताट सारलं. त्यानंतर तीन-चार वर्षं त्यांनी ती पुडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. खोकत खोकत दर उन्हाळ्यात घरच्यापुरती चटणी उखळात कांडायच्या. मुलगी फोनवर रागवायची, मीही रागवायचे. ऐकतंय कोण?

शेवटच्या उन्हाळ्यात ती चटणी अळणी झाली. आक्कांनी मिठाला दोष दिला. पुन्हा केली, पुन्हा अळणी. माझ्या डोक्यात तो अडुसष्टचा आकडा पक्का होता. कंपनीच्या कारखान्यात मी आता पुड्या भरायचे, तिथून एक छोटा काटा मागून आणला. आणायला नको होता, असं आजही वाटतं. आक्कांनी मूठ भरून सोडली. पन्नास. परत भरली. एकोणपन्नास.

हाताची नुसती काडी झाली होती, रोज बघूनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आक्का बराच वेळ मूठ उघडत, मिटत बसल्या. मला रडू आवरेना, तर माझ्यावरच खेकसल्या.

मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "उद्या येताना कंपनीची पुडी आन. त्यात माझी मूठ अजून भरल्याली हाय."

मी पुडी नेली. रोज चिमूटभर कालवणात घालायच्या. दिवाळीच्या आधी आक्का गेल्या, तेव्हा डब्यात निम्मी पुडी शिल्लक होती.